बांधावरची अंबाडी, मे महिन्याची इंटर्नशिप

मे महिना लागला की बुलडाणा जिल्ह्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवर पाठीवर बॅग टाकलेली मुलंमुली दिसू लागतात. पेपर संपलेले असतात. कुणी फार्मसीचं, कुणी कृषीचं, कुणी अन्नतंत्रज्ञानाचं, कुणी एमबीएचं. गाडी पुण्याकडे नाहीतर मुंबईकडे जाणारी आणि घरच्यांनी विचारलं तर उत्तर एकच: इंटर्नशिपला चाललो. त्याच दिवसांत घाटाखाली पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे गेलेला असतो आणि गच्चीगच्चीवर कुरडया, सांडगे, शेवया वाळत असतात. पोरं शिकायला बाहेर निघालेली असताना वाळवणाचं सगळं शास्त्र घरच्या गच्चीवर चालू असतं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो दाखवण्यासाठीच हा लेख आहे. गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणाच्या यादीत ‘हर्बल टी’ बनवणाऱ्या कंपन्या ठळकपणे दिसू लागल्या आहेत. तुळस, गवती चहा, अंबाडी, गोकर्ण, शेवगा, आलं, दालचिनी यांची वाळवलेली मिश्रणं छोट्या पिशव्यांत भरून विकणारा हा धंदा. अशा कारखान्यात विद्यार्थ्याला जे शिकायला मिळतं, त्याचा कच्चा माल बुलडाणा जिल्ह्यात आहे, ऊन आहे, वाळवणारे हात आहेत. मोजमाप, नोंद आणि हे सगळं एका छपराखाली शिकवणारी जागा यांचीच उणीव आहे. ती जागा जिल्ह्यातच उभी राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

घाटावर आणि घाटाखाली

जिल्ह्यात तेरा तालुके, पण बोलताना लोक दोनच भाग करतात. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे, आणि मोताळा दोन्हींच्या सांध्यावरचा. घाटावर सोयाबीनचं राज्य. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात कापूस, आणि मधोमध खारपाणपट्टा. तिथे विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही आणि माणसालाही. उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य. बुलडाणा-खामगाव रस्त्यावर ज्ञानगंगा अभयारण्य.

या भूगोलात चहाच्या मळ्याला जागा नाही. आसाम-दार्जिलिंगचा चहा म्हणजे कॅमेलिया सिनेन्सिस हे झुडूप, आणि त्याला लागणारी हवा इथे मिळणं शक्य नाही. हर्बल चहात मात्र ते झुडूप नसतंच. त्यात असतं ते इथल्या परसात आणि बांधावर.

पहिली अंबाडी. वऱ्हाडात अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या हे जेवण समजावून सांगावं लागत नाही. कपाशीच्या, तुरीच्या कडेने अंबाडीची ओळ टाकायची, कोवळी पानं भाजीला खुडायची, दिवाळीनंतर लाल फुलं तोडून चटणी-शरबत करायचं, उरलेल्या झाडाच्या सालीचे दोर वळायचे. आपण फूल म्हणतो ते खरं तर बोंडाभोवतीचं मांसल लाल आवरण. इजिप्त-सुदानमध्ये त्याचं ‘करकडे’ होतं, पश्चिम आफ्रिकेत ‘बिसाप’, मेक्सिकोत ‘आग्वा दे हमाइका’. जगभरच्या हर्बल चहाच्या पाकिटांत लाल रंग आणि आंबटपणा बहुतेक वेळा या एकाच वनस्पतीचा असतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये ६५ जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. रक्तदाब किंचित वाढलेल्या माणसांनी सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा काढा घेतला आणि त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे सात अंकांनी उतरला. म्हणून गोळ्या बंद करून अंबाडी प्यावी असं कुणी समजू नये. पण आपल्या बांधावरच्या झाडाकडे जग किती गांभीर्याने पाहतं, ते यातून कळतं.

दुसरा गवती चहा. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारं हे बेट एकदा लावलं की चार-पाच वर्षं टिकतं आणि दर दोन-तीन महिन्यांनी कापता येतं. आपल्याकडे त्याचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. रोही आणि रानडुक्कर यांच्यापायी ज्ञानगंगेच्या आणि सातपुड्याच्या कडेचा शेतकरी रात्र-रात्र जागतो. गवती चहाला मात्र त्याच्या उग्र वासामुळे जनावर सहसा तोंड लावत नाही.

आणि तिसरी सातपुड्याच्या पायथ्याची परंपरा. संग्रामपूरला लागून असलेला तेल्हारा, पुढे अकोट आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपरी पिढ्यानपिढ्या जपली. औषधी पीक घेणं, वाळवणं आणि व्यापाऱ्याशी भाव करणं या भागाला नवीन नाही.

चार आठवड्यांत काय शिकायचं

बी. फार्मच्या अभ्यासक्रमात चार आठवड्यांत मिळून किमान १५० तासांचं औद्योगिक प्रशिक्षण सांगितलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं, त्याला चार श्रेयांक आणि साधारण १२० तास. कृषी पदवीच्या मुलांना ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ म्हणून गावात पाठवण्याची रीत तर आपल्याकडे जुनीच. म्हणजे वेळ ठरलेला आहे. तो कशात घालवायचा, एवढंच ठरवायचं उरतं.

पहिला आठवडा ओळखण्याचा. गोण्या उघडायच्या, माल ताडपत्रीवर पसरायचा आणि निवडायचा. हे काम हलकं वाटतं, पण कारखान्याची अब्रू इथेच राहते किंवा जाते. अंबाडीतही दोन जाती आहेत. दोरासाठी लावतात तिचं आवरण पातळ आणि कोरडं. चहाला लागते ती जाड, रसरशीत लाल अंबाडी. गुळवेलीचं उदाहरण तर सगळ्यांच्या लक्षात राहावं असं आहे. २०२० च्या शेवटी मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताचा त्रास झालेले सहा रुग्ण आढळले. गुळवेलीचा काढा नियमित घेणं हा त्यांच्यातला समान धागा होता. पुढे आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि तिच्यासारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही वेल चुकून वापरली जाण्याचा धोका दाखवून दिला. त्या वादात कोण बरोबर हे बाजूला ठेवलं तरी वेल ओळखण्यातली चूक जिवाशी येऊ शकते, एवढं त्यातून शिकावं.

तणाचंही तसंच. खुळखुळा, ओसाडी या आपल्या शेतात सर्रास उगवणाऱ्या तणांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड हा यकृताला घातक घटक असतो. कापणीच्या वेळी ही दोन-चार रोपं गवती चहात मिसळली तर प्रयोगशाळेत ती पकडली जातात. युरोपीय संघाने या घटकाला जुलै २०२२ पासून मर्यादा घातली आहे; बहुतेक हर्बल चहांसाठी ती किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. एवढ्याशा अंशासाठी अख्खा कंटेनर परत येऊ शकतो. निंदणाला येणाऱ्या बाईच्या विळ्याचा आणि हॅम्बुर्गच्या बंदराचा असा थेट संबंध आहे. विद्यार्थ्याने तो त्या बाईला समजावून सांगितला आणि तिच्याकडून तण ओळखायला शिकला, तर पहिल्या आठवड्याचं सार्थक झालं.

दुसरा आठवडा वाळवण्याचा. इथे आकडेमोड लागते. ताज्या गवती चहात साधारण ऐंशी टक्के पाणी धरलं, तर १०० किलो पातीत घन भाग उरतो २० किलो. तयार मालात ओल आठ टक्के ठेवायची, म्हणजे हाती येतो सुमारे पावणेबावीस किलो माल. घाईने बारा-तेरा टक्क्यांवर थांबलं तर वजन जास्त भरतं, पण पावसाळ्यात गोणीला बुरशी धरते. जास्त वाळवलं तर वजन जातं आणि पातीचा चुराही होतो. या दोन-चार टक्क्यांत वर्षाचा नफा-तोटा असतो.

ऊन भरपूर आहे म्हणून माल उन्हात टाकून चालत नाही. गवती चहाचा वास सिट्राल या तेलघटकाचा. रखरखीत उन्हात तो उडतो, पात पिवळी पडते आणि हातात नुसतं गवत राहतं. पानांना सावली हवी, खेळती हवा हवी आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आतलं तापमान हवं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पारा याच्या कितीतरी वर जातो. म्हणून छपराला झरोके, जमिनीपासून उंच जाळीचे रॅक आणि दुपारी झाकण्यासाठी हिरवी नेट, असा सगळा विचार करावा लागतो. डांबरी रस्त्यावर धान्य वाळवायची सवय इथे पूर्ण सोडावी लागते, कारण रस्त्यावरची धूळ पाकिटातून थेट कपात उतरते.

या बाबतीत शेजारच्या मराठवाड्यात मोठं काम झालं आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत शिकलेल्या मराठी तरुणांनी सौर वाळवणयंत्र विकसित केलं आणि ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी काढली. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या गावांतल्या बायका त्या यंत्रांवर कांदा, टोमॅटो, आलं वाळवून कंपनीला देतात. २०२३ साली या कामाला ‘अर्थशॉट’ पुरस्कार मिळाला. आमच्या जिल्ह्यातून ते शहर काही तासांच्या अंतरावर आहे. आपल्या कुठल्याही महाविद्यालयाची सहल तिथे जाऊ शकते.

तिसरा आठवडा मिश्रणाचा आणि चवीचा. आयुष मंत्रालयाने २०२० च्या साथीत जो काढा सुचवला, त्याचं प्रमाण चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ आणि एक भाग मिरी असं होतं. नव्वद किलोचा घाणा करायचा तर चाळीस, वीस, वीस, दहा. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात तुळस हलकी, मिरी जड. नुसतं हलवलं तर मिरी तळाशी बसते आणि पहिल्या पाकिटात आणि शेवटच्या पाकिटात दोन वेगळे काढे जातात. म्हणून सगळे घटक सारख्या आकाराचे कापायचे, चाळायचे आणि थोडेथोडे मिसळायचे. चव घेण्याचीही शिस्त असते. चहाच्या चाचणीसाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दोन ग्रॅम माल, सहा मिनिटं. तीच रीत इथे उसनी घ्यायची, म्हणजे दर वेळी तुलना सारख्या कपांत होते. नोंदवहीत रंग, वास, आंबटपणा, कडवटपणा लिहायचा. ज्या मुलीने लहानपणापासून आजीच्या हातचं अंबाडीचं शरबत घेतलं आहे, तिची जीभ इथे पुण्या-मुंबईच्या कुणाहीपेक्षा पुढे असते.

चौथा आठवडा कागदाचा, आणि मुलं नेमका तोच टाळतात. कोणत्या शेतातून माल आला, कधी कापला, कोणत्या रॅकवर वाळला, ओल किती भरली, हे बॅचच्या वहीत नसेल तर तक्रार आल्यावर कारखान्याकडे उत्तर नसतं. मग लेबल. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने स्पष्ट केलं, की ‘चहा’ हे नाव फक्त कॅमेलिया सिनेन्सिसपासून केलेल्या पेयालाच लावता येईल. बाकी वनस्पतींच्या पेयांना ते लावणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल. त्यामुळे सगळ्या उद्योगाला पाकिटावरची अक्षरं पुन्हा तपासावी लागली. ‘मधुमेह बरा होतो’, ‘वजन झटपट उतरतं’ असे दावे तर त्याआधीपासूनच कायद्याच्या कचाट्यात येतात. कारखान्याचा मालक घाईत असतो आणि जाहिरातवाला उत्साहात. प्रशिक्षणार्थी मुलीने नम्रपणे नियम दाखवला, तर तिने कंपनीचं मोठं नुकसान टाळलेलं असतं.

मुसळीची आठवण

औषधी वनस्पतींचं नाव काढलं की आपल्याकडचा जुना शेतकरी सावध होतो, आणि त्याचं बरोबर आहे. या शतकाच्या सुरुवातीला विदर्भ-खानदेशात पांढऱ्या मुसळीची लाट आली होती. बेणं सोन्याच्या भावाने विकलं गेलं, परतखरेदीचे करार झाले, आणि पीक हाती आलं तेव्हा घेणारे दिसेनासे झाले. बेणं विकणाऱ्यांनी कमावलं आणि पिकवणाऱ्यांनी गमावलं.

आजही कुणी गावात येऊन एकरी लाखोंचं गणित मांडत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावं. अंबाडी किंवा गवती चहा हे सोयाबीनच्या जागी एकदम घ्यायचं पीक नाही. बांध, पडीक तुकडा, परस इथून सुरुवात व्हावी. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि तोही बाजारात मिळवताना शेतकऱ्याच्या नाकी नऊ आले. अशा वेळी जोडउत्पन्नाचा मार्ग हवाच, पण तो खरेदीदार आधी आणि लागवड नंतर या क्रमाने हवा.

बाजार आहे का? आहे. आझमगडच्या शेतकऱ्यांच्या तुळशीवर उभी राहिलेली लखनौची ‘ऑर्गेनिक इंडिया’ जानेवारी २०२४ मध्ये टाटा कंझ्युमरने १,९०० कोटी रुपयांना विकत घ्यायचा करार केला. त्या किमतीत शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षं टिकवलेले संबंध, सेंद्रिय प्रमाणपत्रं आणि मालाची नोंद यांचं मोल मोठं आहे. नुसती तुळस तर सगळ्या देशात दारोदारी आहे.

भांडवलाच्या वाटाही आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० साली आणलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदान ठेवलं आणि बचत गटाच्या प्रत्येक सदस्येसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल. १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था याच जिल्ह्यातून वाढली आणि तिने गोदामांचं जाळं उभारून दाखवलं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मेहकर, सिंदखेड राजावरून माल एका दिवसात मुंबईला पोहोचतो. कृषी विज्ञान केंद्रं बुलडाण्यात आणि जळगाव जामोदला आहेत, औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय चिखलीत, अभियांत्रिकी शेगावात, कृषी महाविद्यालय हिवरा आश्रमात. शेजारी अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि त्याचं नागार्जुन वनौषधी उद्यान. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणारं कुणीतरी हवं.

विद्यार्थ्याला पैसे कोण देणार

आता अवघड प्रश्नाकडे येतो. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना विद्यावेतन ठरलं. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २०२४ साली महिना पाच हजार ठरले. पण दोन्ही योजना शिक्षण चालू असलेल्या मुलांसाठी नाहीत. म्हणजे मे-जूनमध्ये चार आठवडे कारखान्यात राबणाऱ्या विद्यार्थ्याला कायद्याने एक रुपयाही मिळण्याची हमी नाही. पुण्यात राहायचं तर खोली, खाणं, बस. शेतकरी बाप हे पैसे बियाण्याच्या तोंडावर कुठून काढणार? परिणाम असा होतो, की ज्याच्या घरी ऐपत आहे तो शिकून येतो आणि ज्याच्या घरी नाही तो ओळखीच्या दुकानदाराकडून प्रमाणपत्र आणतो.

याहून वाईट प्रकारही बोकाळला आहे. ‘इंटर्न’ म्हणून घ्यायचं, पहिल्या दिवशी हातात पाकिटं द्यायची आणि नातेवाइकांना विकायला लावायची. समाजमाध्यमावर रोज अमुक पोस्ट, महिन्याला अमुक विक्री, ती झाली तरच प्रमाणपत्र. काही ठिकाणी तर मुलांकडूनच नोंदणीशुल्क घेतात. याला शिक्षण म्हणता येणार नाही. फुकटात विक्रेते मिळवण्याचा तो मार्ग आहे, आणि महाविद्यालयांनी असं प्रमाणपत्र स्वीकारणं थांबवलं पाहिजे.

जिल्ह्यातच केंद्र असेल, तर यातला निम्मा प्रश्न घरी राहूनच सुटतो. मुलगी सकाळी एसटीने मेहकरहून किंवा खामगावहून जाईल आणि संध्याकाळी घरी येईल. ज्या घरांतून मुलीला एकटीने पुण्याला पाठवायला नकार मिळतो, तिथेही ही वाट मोकळी होते.

जाणकारीची किंमत

सातपुड्यातल्या कोरकू, निहाल, भिलाला, बारेला वस्त्यांत झाडपाल्याची जाणकारी आहे. उद्या कंपन्या तिथे पोहोचतील आणि त्या ज्ञानावर पाकिटं विकतील. त्याची किंमत कुणाला मिळणार, हे आजच ठरलं पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत रूईबॉस या वनस्पतीचं पेय जगभर विकलं जातं. तिचे गुण मुळात सान आणि खोई लोकांनी ओळखले. अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या उद्योगाने शेतावरच्या किमतीच्या दीड टक्का रक्कम या समाजांना देण्याचं मान्य केलं. आपल्याकडे जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, त्याखाली गावोगाव समित्या नेमायच्या आहेत, लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. अनेक ठिकाणी ती वही कपाटात पडून असते. उन्हाळी प्रशिक्षणार्थ्यांना हे काम द्यावं. वस्तीवर बसून, ग्रामसभेच्या संमतीने, कोणती वनस्पती कोण कशासाठी वापरतं हे लिहून काढायचं, आणि ती वही गावाच्या मालकीची ठेवायची.

आता करायचं काय

प्राचार्यांना विनंती आहे, की येत्या उन्हाळ्याआधी आपल्या भागातल्या एका बचत गटाशी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीशी लेखी करार करा. त्यात रोजचं काम, शिकवणाऱ्याचं नाव आणि विद्यावेतन लिहा. रक्कम छोटी असेना, पण शून्य नको. प्रमाणपत्राऐवजी विद्यार्थ्याची बॅच-वही तपासा. ती खोटी लिहिणं सोपं नसतं.

कंपन्यांना सांगणं आहे, की माल इथून नेता तर दोन मुलंही इथून न्या आणि पुढच्या वर्षी एक शेड इथे बांधा.

आणि जो विद्यार्थी हा अंक हातात घेऊन बसला आहे, त्याला एवढंच. दिवाळीनंतर तुमच्याच बांधावर अंबाडी लाल होईल. मे महिन्याची वाट पाहू नका. दहा किलो ताजी फुलं तोडा, आवरण सोलून बिया वेगळ्या करा, सावलीत वाळवा, रोज वजन करा आणि वहीत लिहा. किती दिवस लागले, शेवटी किती उरलं, सहा मिनिटांनी कपातला रंग कसा आला. ती वही घेऊन कुठल्याही कंपनीच्या दारात जा. इंटर्नशिपसाठी याहून चांगला अर्ज नाही.